नऊ बैठकांत बरी

माझी छाती वाजायची. पाड्यावरच्या आमच्या घरात सकाळी जे आवाज असत त्यांतला तो एक ठरलेला आवाज होता. चुलीत ओली काटकी तडतडायची, आई पिठाच्या डब्याचं झाकण दाबून बसवायची, शेजारी राहणाऱ्या बाबांच्या भावाचा, रघाकाकांचा, रेडिओ खरखरत गुजराती बातम्या सांगायचा आणि मधेच माझ्या छातीतून शिट्टी निघायची. कुणी दचकायचं नाही. आई नागलीची भाकरी थापता थापता कान द्यायची. शिट्टी बारीक असली तर म्हणायची, "आज जाशील तू शाळंत." घरघर असली तर पहिल्या भाकरीचा कडक पापुद्रा माझ्या ताटात टाकायची, कारण आजारी माणसाला पापुद्रा द्यायचा असा तिचा नियम होता. मला पापुद्रा नको असायचा. मला ती चूल उचलून बाहेर पडवीत न्यायला हवी होती. तसं मी सांगूनही पाहिलं होतं. "पडवीत वारा लागतो, चूल पेटत नाय," एवढं म्हणून आईनं विषय संपवला. आता साठी ओलांडल्यावर हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, मायेनं लिहीन. पण दहा ओळी झाल्या नाहीत तोच कळलं की मला अजून चीड येते.

आमच्या तलासरी तालुक्यात दम्यावर उपाय सांगणाऱ्यांची कधी टंचाई नव्हती. मी काळ्या खेकड्यांचा रस प्याले, अडुळशाचा काढा प्याले, रुईचं पान तव्यावर गरम करून छातीला बांधून घेतलं. एका बाईनं सांगितलं म्हणून महिनाभर केळं बंद केलं आणि दुसरीनं सांगितलं म्हणून पुढचा महिना रोज केळंच खाल्लं. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि बाबांना म्हणाले, "हिला तोंडात मारायचा पंप लागेल. डहाणूला औषधाच्या दुकानात मिळेल." बाबांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली, डॉक्टरांना हात जोडले आणि बाहेर आल्या आल्या मला म्हणाले, "पंप नाय घ्यायचा. अच्छाडच्या नाक्यावर तो ढाबेवाला हाय ना, त्याच्या भावानं घेतला. आता पंपाबिगर त्याला अंथरुणातून उठता येत नाय. एकदा लागला का सुटत नाय तो."

मी म्हटलं, "पण त्याला दम लागतो म्हणून तो पंप घेतो ना?"

"तेच तर बोलतो मी," बाबा म्हणाले. "पंप घेतला म्हणून दम लागतो."

बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते सांगायला मला जड जाईल. चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याबरोबर धुतली गेली आणि खिशात तिचा लगदा झाला.

मग मनुभाई आले. म्हणजे ते कुठे आले नाहीत, आम्हीच त्यांच्याकडे गेलो. बाबा ज्या व्यापाऱ्याला गवत विकायचे तो कंबरेतून पार वाकला होता. डहाणूला कुणी सुया टोचणारा माणूस आहे, त्याच्याकडे चार वेळा जाऊन तो व्यापारी सरळ होऊन परतला. बाबांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाकलेला पाहिला होता आणि स्वतःच्याच डोळ्यांनी सरळ पाहिला. बाबांच्या दृष्टीनं याहून मोठा पुरावा जगात नव्हता. त्या वर्षी मी दहावीला होते, मार्चात परीक्षा होती आणि आमच्या घरातून दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाबांनी बोटांवर रविवार मोजले आणि संक्रांत झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी मला एसटीत बसवून डहाणूला नेलं.

मनुभाई एका चिकूच्या वखारीमागच्या खोलीत बसायचे. पुढे खोक्यांमध्ये पेंढा घालून चिकू भरायचं काम चाललेलं असायचं, मागे मनुभाई माणसांना सुया टोचत असायचे. उंच, बारीक, पांढरा सदरा, तोंडात अर्धं मराठी आणि अर्धं गुजराती. मुंबईला कुठल्याशा वर्गात ते ही विद्या शिकून आले होते. कुणी डॉक्टर म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, लगेच दटावायचे, "डॉक्टर नथी. मनुभाई बोला." त्यांनी माझी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून डोळे मिटले आणि बाबांना म्हणाले, "दहा बैठका. दर रविवारी एक."

सुया दुखतात का, असं मला पुढे कितीतरी जणांनी विचारलं. फारशा नाही. केसासारख्या बारीक सुया एका स्टीलच्या डब्यात उकळून ठेवलेल्या असायच्या. मनुभाई मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला एक टोचायचे, छातीवर गळ्याच्या हाडाखाली दोन, गुडघ्याखाली दोन, मग बसवून मानेमागे. सुई दोन बोटांत धरून हलकेच फिरवायचे आणि विचारायचे, "काय वाटलं?" मुंगी चालल्यासारखं वाटायचं. तसं सांगितलं की ते खूश व्हायचे. मग गजराचं घड्याळ वीस मिनिटांवर लावून ठेवायचे आणि शेजारच्या खाटेकडे वळायचे. त्या खाटेवर बहुतेक रविवारी वरोरची एक मासेवाली असायची, गुडघ्यात सुया घेऊन पडलेली. ती आढ्याकडे बघत माझ्याशी बोलायची. "तुझी छाती वाजते गं पोरी. आमच्या होडीचं मशीन बी असंच करतं, डिझेल संपत आलं का." तिचा गुडघा खरोखर सुधारत होता. माझ्या छातीचं मला नक्की सांगता येणार नाही. त्या खोलीत पडून असेपर्यंत बरं वाटायचं, एसटीतही बरं वाटायचं, सोमवारी सकाळी आईनं चूल पेटवली की पुन्हा शिट्टी. आज मला वाटतं, आठवड्यातून एक दिवस मी धुराबाहेर असायचे, तोही गुण असेल. काही गुण सुयांचाही असेल. त्याचा हिशेब मी कधी लावू शकले नाही.

चौथ्या का पाचव्या बैठकीला मनुभाईंनी बाबांना समोर बसवून सांगितलं. मी सुया घेऊन आडवी पडले होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "जुओ भाई, सुईनं हिला थोडा आराम मिळेल. पण दोन गोष्टी. एक, धुमाडा बंद. घरात चूल, बाहेर राब, सगळा धुमाडा हिचा वैरी आहे. आणि दुसरी, दम जोरात चढला तर सुई कामाची नाही. तेव्हा पंपच पाहिजे. घरात आणून ठेवा." बाबा मान हलवत होते. पहिल्या गोष्टीला हलवली, दुसऱ्या गोष्टीलाही हलवली. परतताना एसटीत ते म्हणाले, "ऐकलंस ना? धूर बंद करायचा."

"आणि पंप?"

"ते शेवटचं सांगितलं त्यानं. शेवटापर्यंत कशाला जायचं आपण?"

आमच्याकडे भाताची रोपं करायची म्हणजे आधी राब भाजावा लागतो. रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत असं थरावर थर रचतात, वरून माती टाकतात आणि सगळं सावकाश जाळतात. त्यानं जमिनीतलं तणाचं बी मरतं आणि राखेवर रोप काळंभोर येतं. होळीच्या आगेमागे आमच्या डोंगराकडच्या गावांतून सगळीकडे राब भाजले जातात. ते दिवस मी कसे काढायचे ते माझं मला ठाऊक. त्या रविवारी घरी आल्यावर बाबा ओट्यावर उभे राहिले आणि रघाकाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "औंदा मी राब भाजणार नाय. सुमीची परीक्षा हाय."

पाड्यावर लोक हसले. राब न भाजता भात लावणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. बाबांनी हसू दिलं. माझा ऊर भरून आला होता, हेही खरं. घरातली चूल मात्र होती तिथेच राहिली, कारण चूल आईची होती आणि तिला हात लावायचा तर आईशी भांडावं लागलं असतं. राब बाबांचा होता, तो त्यांना सोडता आला.

पण दिवाळीनंतर बाबांनी ऐनाच्या झाडांवर चढून टहाळ छाटला होता, वाळवून रचून ठेवला होता, आईनं डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या होत्या. एवढी मेहनत पावसात कुजू द्यायची हे बाबांना सहन होईना. आठवडाभर ते त्या ढिगाभोवती फिरले आणि एके दिवशी सगळा टहाळ, सगळं शेण रघाकाकांना देऊन टाकलं. रघाकाकांचा राबाचा तुकडा कुठे होता? आमच्या परसदारी, पश्चिमेला, चाळीस पावलांवर. दोघे भाऊ एक दिवसभर खांद्यावरून भारे वाहून तिकडे नेत होते आणि मी दारात पुस्तक घेऊन बघत होते.

"बाबा, धूर तर तोच ना?" मी विचारलं.

"आता त्याचा हाय तो राब. मी त्याला कसा सांगू, भाजू नको म्हणून? त्याला भात नाय लावायचा?"

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. राब सोडला, म्हणजे त्यांच्याकडून धूर बंद झाला होता.

रघाकाका तर साधे भोळे. त्यांनी मनाशी ठरवलं की पोरीला त्रास नको, ती उठायच्या आत उरकून टाकू. तसाही राब पहाटे वारा पडलेला असतानाच लावतात. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी त्यांनी तांबडं फुटायच्या आत राब पेटवला. दरवर्षी तासाभरात संपणारं काम त्या दिवशी संपेना, कारण ढीग दोन घरांचा होता. मी उठले तेव्हा घरात समोरचं मडकं दिसत नव्हतं. रघाकाका बाहेरून ओरडून सांगत होते, "आता होतंय, आता होतंय!" मी उभी राहायला गेले आणि बसले ती बसलेच. दोन्ही हात जमिनीला टेकून, खांदे वर ओढून मी श्वास घ्यायला बघत होते आणि आत काही जातच नव्हतं. ज्याला दमा नाही त्याला हे सांगता येत नाही. बाहेर सगळं जग हवेनं भरलंय आणि तुमच्या वाट्याला सुईच्या नेढ्यातून येईल तेवढीच. आई माझी पाठ चोळत रडत होती. बाबा एकदाच आत आले, मला बघितलं आणि धावत सडकेवर गेले.

सडकेवर त्या वेळी मिळालं काय, तर त्याच व्यापाऱ्याचा गवतानं भरलेला टेम्पो, डहाणूकडे निघालेला. मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. आईनं कंपासपेटी आणि हॉलतिकीट घातलेली पिशवी बाबांच्या हातात कोंबली. पाठीमागून गवताची कुसं उडत होती ती निराळीच. तलासरी आली. तो सरकारी दवाखाना रस्त्यालाच लागतो. फाटक उघडं होतं, आवारात एक शिपाई झाडू मारत होता. मला बोलता येत नव्हतं. मी हात उचलून फाटकाकडे बोट दाखवलं, दोनदा दाखवलं. बाबांना वाटलं, मला खिडकीतून वारा लागतोय. त्यांनी घाईघाईनं काच वर केली आणि म्हणाले, "हां हां, आता पोचतो मनुभाईकडं." दवाखाना मागे गेला. आज इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं जाते-येते. ते फाटक आलं की माझा हात अजून मांडीवरून उचलला जातो.

मनुभाई नुकतेच येऊन खोली झाडत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "भाई, नाक्यावर जाऊन आल्याची कडक चाय घेऊन या. जल्दी." बाबा पळाले. मनुभाईंनी टेबलाचा खण उघडला आणि निळा पंप काढला. स्पिरिटच्या बोळ्यानं त्याचं तोंड पुसलं, खळखळ हलवला आणि माझ्या ओठांत धरला. "दाबतो तेव्हा आत ओढ. जोरात. हां, आता रोक. एक, बे, त्रण, चार..." दहापर्यंत मोजून म्हणाले, "छोड. फरी एकदा." असं चार वेळा केलं. तोंड कडू झालं. मग थोड्या वेळानं मला चिकूचा वास आला, मग पेंढ्याचा, मग स्पिरिटचा. सकाळपासून मला धुराखेरीज कशाचाच वास आला नव्हता. मी खाटेवर बसून नुसती श्वास घेत राहिले.

बोलता आल्यावर मी पहिल्यांदा हेच विचारलं, "हा कुणाचा?"

"माझा. मला पण दमा आहे ने, लहानपणापासून. सुई शिकलो ते त्याच्यासाठीच." ते खाटेच्या कडेला टेकले. "कंबर बरी होते, गुडघा बरा होतो. आपलं हे अर्धं होतं. बाकीचं अर्धं आ," असं म्हणून त्यांनी पंप माझ्या पिशवीत, कंपासपेटीखाली सरकवला. "मी दुसरा घेईन."

"बाबांना सांगा ना तुम्ही."

"सांगितलं होतं. ऐकलं?" ते म्हणाले. तेवढ्यात वखारीच्या दाराशी बाबांच्या चपला वाजल्या. मनुभाई उठले. मला म्हणाले, "आडवी पड," आणि डब्यातून काढून भराभर चार सुया टोचल्या, दोन मनगटांवर, दोन छातीवर. "तुझ्या बाबांना पण काहीतरी पाहिजे ने."

बाबा आत आले. हातात चहाचा ग्लास, वर बशी झाकलेली. त्यांनी सुया पाहिल्या, मग माझी छाती वरखाली होताना पाहिली. शांत, बिनआवाजाची. बाबांचं तोंड जे झालं ते मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते भिंतीला टेकून खालीच बसले आणि दोन्ही हातांनी मनुभाईंना नमस्कार करायला लागले. मनुभाई दुसरीकडे बघत होते. घड्याळात साडेनऊ वाजले होते. पेपर तलासरीला अकराला होता.

"हिचा पेपर छे ने?" मनुभाई म्हणाले. "मी सुया काढतो. जा तुम्ही."

"नाय नाय," बाबा उठून उभे राहिले. "बैठक पुरी होऊ दे. अर्धी सोडली तर गुण जाईल."

मनुभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, सुयांनी नाही, पंपानं आराम पडला. तेवढं बोलले असते तर आम्ही पाच मिनिटांत रस्त्यावर असतो. पण बाबांचं ते तोंड माझ्यासमोर होतं आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मनुभाईंनी नवव्या बैठकीचा गजर लावला. वीस मिनिटं मी चार खोट्या सुया अंगात घेऊन बीजगणिताची सूत्रं आठवत पडून राहिले. नंतर नाक्यावरची जीप भरेपर्यंत सुटेना. आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नाहीत. बाबांनी दारावरच्या सरांना सगळं सांगितलं, सुया, मनुभाई, राब, सगळं. सरांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. "ऑक्टोबरला देशील," बाबा मला म्हणाले. "जीव वाचला ना." त्यांचं बरोबर होतं. याचीच मला सर्वांत जास्त चीड आली.

राग काढायला मला माणूसच सापडेना. रघाकाकांनी माझ्यासाठी लवकर राब लावला होता. मनुभाईंनी स्वतःचा पंप काढून दिला होता. आणि बाबांनी माझ्यासाठी काय केलं ते त्या पावसाळ्यात सगळ्या पाड्यानं पाहिलं. न भाजलेल्या जमिनीत रोपाच्या दुप्पट तण आलं. आई महिनाभर चिखलात वाकून एकेक काडी उपटत होती, ताठ होताना कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहायची. भात निम्मं झालं. अशा घरात मी कुणावर ओरडणार होते? मी ऑक्टोबरला बीजगणित दिलं, पास झाले, पण माझ्याबरोबरच्या मुली तोवर अकरावीत अर्धं वर्ष पुढे गेल्या होत्या. पंप मी दप्तरात ठेवायचे. एकदा तो जागेवर नव्हता आणि मी सगळं दप्तर जमिनीवर उपडं केलं. आई चुलीपुढून न वळता म्हणाली, "तांदळाच्या डब्यात हाय. बाबाला दिसंल असा नको ठेवू." एवढंच. तिला कधी कळलं, कसं कळलं, मी विचारलं नाही.

दहावी बैठक झालीच नाही. गरजच काय, बाबा म्हणायचे. पुढे मी शिक्षिका झाले, सरावलीला घर केलं, पंप पर्समध्ये ठेवून चाळीस वर्षं वर्ग सांभाळले, आणि या सगळ्या काळात बाबा भेटेल त्याला सांगत राहिले, "आमची सुमी नऊ बैठकांत बरी झाली." बाजारात सांगायचे, लग्नात सांगायचे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे. त्यांच्या सांगण्यावरून कंबरवाले गेले, गुडघेवाले गेले, ते ठीक. दमेवालेही गेले. त्यांच्यासाठीही मनुभाईंनी टेबलाचा खण उघडला असेल, असं मी स्वतःला सांगत आले. मनुभाई मी डी.एड.ला असतानाच वारले, त्यांना विचारायचं राहून गेलं. बाबांना खरं सांगायचं मी दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी होळी जवळ आली की त्या तणाची आठवण येऊन गप्प बसायचे. सुट्टीत घरी गेले की परसाकडे जाऊन पंप ओढायचा आणि तोंड पुसून आत यायचं, हे मी दोन मुलांची आई झाल्यावरही केलं.

गेल्या हिवाळ्यात बाबांना माझ्याकडे आणलं. पंच्याऐंशीच्या पुढचं वय, ओट्यावरून अंगणात उतरलं तरी धाप. आता त्यांची छाती वाजत होती. साठ-सत्तर वर्षं राब आणि चूल दोन्हींचा धूर आत गेलेला. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे डहाणूला नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "बाबा, रोज पंप घ्यायला लागेल." बाबा ताठ बसले. "पंप नको. मला सुया लावणारा कोण असंल तर सांगा. ही बघा, माझी पोर. दम्यानं मरत होती. नऊ बैठकांत बरी झाली." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पंपाची चिठ्ठी दर तीन महिन्यांनी तेच लिहून देतात. त्यांनी बाबांचीही चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. सोळाव्या वर्षी गिळलेलं ते वाक्य मी पुन्हा गिळलं.

खालच्या दुकानातून बाबांचा पंप घेतला आणि वर येऊन बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले. ते पुटपुटत होते, "नाय घेणार. सवय लागंल." तोंडानं बोलायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही. मी पर्स उघडली, माझा निळा पंप काढला, हलवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ओढला. दहापर्यंत मोजून श्वास सोडला.

"हा काय?" बाबा म्हणाले.

"पंप."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून, बाबा. तू चहा आणायला गेला होतास तेव्हा मनुभाईंनी दिला. सुया नंतर लावल्या. तुला दिसाव्यात म्हणून."

आमच्याकडे बापाला अहो-जाहो नाही. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत बसले. एक बाई आत गेली, दुसरी बाहेर आली. मग ते म्हणाले, "मंग राब त्या साली उगाच सोडला मी."

मी काय सांगणार होते? हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. मी नव्या पंपाचं खोकं फोडलं. त्यांनी हात पुढे केला. "दे. कसा मारायचा?"

मी नवा पंप त्यांच्या ओठांत धरला आणि दाबला. बाबांनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली. सगळं औषध माझ्या तोंडावर उडालं. "फुंकायचं नाही, आत ओढायचं," मी म्हटलं. दुसऱ्यांदा दाबला, पुन्हा फुंकर. जन्मभर चुलीत नाही तर राबाच्या कडेला फुंकत आलेला माणूस. तिसऱ्यांदाही त्यांनी फुंकरच मारली आणि मला काय झालं मला कळलं नाही. मी ओरडले. "ओढ! आत ओढ म्हटलं ना! किती वेळा सांगायचं? कधी ऐकणार आहेस तू माझं?" बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. आतून कंपाउंडर डोकावला. दहावीतला सगळा राग त्या दवाखान्याच्या बोळात, एका पंच्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर निघाला होता, आणि मला त्याची लाज वाटेना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, ओठ घट्ट लावले आणि मी दाबल्याबरोबर आत ओढलं.

"आता धर," मी म्हटलं. "एक, बे, त्रण, चार..."

दहा झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि जिभेनं ओठ चाटले.

"कडू हाय," बाबा म्हणाले.

"कडूच असतं," मी म्हटलं. "अजून एकदा घे."